यूपीएस ओरडतो तेव्हा

दवाखान्याच्या रिसेप्शनखाली, मेडिकल स्टोअरच्या बिलिंग काउंटरमागे, नाहीतर घरातल्या कॉम्प्युटर टेबलाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली काळी पेटी एरवी कुणाच्या खिजगणतीत नसते. मग एके दिवशी, लाइट असताना, पंखा फिरत असताना ती बीप करायला लागते. पहिल्या दिवशी कुणीतरी वाकून पाहतं. दुसऱ्या दिवशी बटण दाबून आवाज बंद केला जातो. बऱ्याच यूपीएसमध्ये तशी सोय असते आणि ती नेमकी सगळ्यांना सापडते. त्यानंतर लाल दिवा तेवढा लागून राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी लाइट जातात, त्याच क्षणी कॉम्प्युटरही जातो आणि मग ‘यूपीएस बोगस निघाला’ असा निकाल लागतो.

यूपीएस बहुधा बोगस नसतो. त्याने सांगितलं होतं. फक्त काय सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

तो एकाच आवाजात चार वेगळ्या गोष्टी सांगतो, हीच खरी पंचाईत आहे. लाइट गेले आहेत आणि मी बॅटरीवर चालतोय, ही पहिली. बॅटरी संपत आलीय, काम सेव्ह करा, ही दुसरी. माझ्यावर झेपत नाही एवढा भार टाकलाय, ही तिसरी. आणि बॅटरी बदला, ही चौथी. कुठली बीप कशाची, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरवलेलं असतं, त्यामुळे सर्वांना लागू पडणारा तक्ता देता येत नाही; तो ज्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, ती पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर भंगारात गेलेली असते. साधारणपणे थांबून थांबून येणारी बीप बॅटरीवर चालल्याची, भराभर येणारी बॅटरी संपत आल्याची आणि अखंड भोंगा ओव्हरलोडचा. लाइट असतानाही लाल दिवा किंवा बीप येत असेल, तर संशय बॅटरीवर घ्यायला हरकत नाही. पण तो संशयच. शिक्षा ठोठावण्याआधी थोडी उलटतपासणी करायला हवी, कारण निर्दोष बॅटऱ्याही रोज भंगारात जातात.

घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा विटेएवढी, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी असते. आत सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडा वर. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसं आणि गंधकाम्ल यांच्या जोरावर पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी बनवली. दीडशेहून अधिक वर्षांनी आपल्या टेबलाखाली मुळात तेच रसायन आहे. एका पट्टीवर शिसं, दुसरीवर शिशाचं डायऑक्साइड, मध्ये पातळ केलेलं ॲसिड. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज करताना हे सगळं उलट फिरतं. बॅटरी अर्धवट रिकामी ठेवून दिली, तर मात्र त्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग चार्जरने कितीही डोकं आपटलं तरी ते मागे फिरत नाहीत. गावाला जाताना महिनाभर मेन स्विच पाडून जाणाऱ्या घरांत बॅटऱ्या अशाच मरतात.

आता मुद्द्याचा प्रश्न. बॅटरी खराब झाली, हे त्या पेटीला कळतं कसं? तिला बॅटरीच्या आतलं काहीच दिसत नाही. दोन तारांमधला व्होल्टेज तेवढा तिला मोजता येतो. बाकी सगळा अंदाज. म्हणून बरेच यूपीएस ठरावीक काळाने, काही तर दर १४ दिवसांनी, स्वतःची परीक्षा घेतात: मेनचा पुरवठा चालू असतानाच काही सेकंद जोडलेला भार बॅटरीवर टाकायचा आणि व्होल्टेज किती कोसळतो ते पाहायचं. फार कोसळला की लाल दिवा. स्क्रीनवर दिसणारे ‘८५ टक्के’ किंवा ‘२२ मिनिटं’ हे आकडेही मोजलेले नसतात, याच व्होल्टेजवरून आणि जुन्या नोंदींवरून काढलेले असतात.

भाराखाली पाहणं महत्त्वाचं का, याचं उत्तर मल्टीमीटर हातात घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा चाखलेलं असतं. मीटर लावला, १२.७ व्होल्ट दिसले, ‘बॅटरी एकदम ओके’ म्हणून सांगितलं, आणि लाइट गेल्यावर तिने पाच सेकंदांत मान टाकली. म्हातारी बॅटरी सपाटीवर ताठ चालणाऱ्या, पण सिंहगडाच्या पहिल्याच चढाला धापा टाकणाऱ्या माणसासारखी असते. पट्ट्या झिजल्या, आतलं पाणी आटलं की बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. काही जोडलेलं नसताना तो रोध दिसतच नाही. दहा-बारा अँपिअर खेचले की व्होल्टेजचा मोठा भाग त्या रोधात, आतच खर्ची पडतो. धडधाकट बॅटरी अशा वेळी साडेअकरा-बारा व्होल्टच्या आसपास टिकून राहते आणि सावकाश उतरते. थकलेली साडेदहाच्या खाली घसरते, आणि साडेदहाला बहुतेक यूपीएस आपणहून बंद होतात.

तपास सुरू करायचा तो बॅटरीपासून नव्हे, भारापासून. यूपीएसला काय काय जोडलंय? ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच पेलतो, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून दीडशे वॅटमध्ये भागतं. पण कुणीतरी मागच्या मोकळ्या सॉकेटमध्ये लेझर प्रिंटर खुपसलेला असतो. प्रिंट काढताना त्याचा तापणारा रोलर क्षणभर कित्येकशे वॅट ओढतो. यूपीएस किंचाळतो, आणि योगायोगाने त्याच वेळी स्वयंचाचणी चालू असेल तर बॅटरीवरही आळ येतो. ऑफिसांमध्ये हिवाळ्यात टेबलाखाली हीटर लावणारेही असतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे तारा. नवीन यूपीएस वाहतुकीत सुरक्षित राहावा म्हणून काही कंपन्या बॅटरीची एक तार काढून ठेवतात. ती जोडायची राहिली की पहिल्याच दिवशी ‘बॅटरी नाही’ किंवा ‘बॅटरी बदला’ असा दिवा लागतो आणि ग्राहक कोरा माल दुकानात परत नेतो. जुन्या पेटीत तारेची चिमटी सैल होते, टोकावर पांढरट-हिरवट थर चढतो. एवढ्याशा थराचा रोधही भाराखाली व्होल्टेज पाडायला पुरतो. सीलबंद बॅटरीच्या टोकांवर असा थर वारंवार येत असेल, तर मात्र सील फुटलंय असं समजायचं.

तिसरी गोष्ट वेळ. रात्री तीन तास लाइट नव्हते, सकाळी आल्यावर लगेच ‘लो बॅटरी’. यात बिघाड काहीच नाही. रिकामी झालेली छोटी बॅटरी नव्वद टक्क्यांपर्यंत भरायला सहा ते आठ तास लागतात. एक रात्र जाऊ द्यायची, मगच निर्णय घ्यायचा.

एवढं होऊनही दिवा तसाच राहिला, तर मल्टीमीटर काढायचा. यूपीएस चालू, मेन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. तो चार्जरचा तरता व्होल्टेज. तिथे १२.५च दिसले, तर चार्जर मेलाय, बॅटरी कितीही बदला, तीही मरणार. साडेचौदाच्या वर कायम असेल, तर चार्जर बॅटरीला शिजवतोय. मग तार सोडून बॅटरी काही तास निवांत ठेवायची आणि पुन्हा मोजायचं. १२.७च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. नेमके साडेदहा दिसले तर गणित सोपं आहे: सहापैकी एक सेल शॉर्ट झालाय, त्याचे दोन व्होल्ट गेले. मेकॅनिकच्या तोंडी ‘सेल बसला’ तो हाच. तिथे पुढच्या तपासाची गरज नाही.

१२.७ दिसले तरी अजून सुटका नाही, हे वर आलंच आहे. खरी परीक्षा भाराची. कॉम्प्युटर काढून त्या जागी शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब लावायचा (एलईडीचे नऊ वॅट इथे काहीच नाहीत), यूपीएस रात्रभर चार्ज झालेला असू द्यायचा आणि भिंतीवरचं बटण बंद करायचं. प्लग उपटायचा नाही, बटणच बंद करायचं, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. आणि घड्याळाकडे पाहायचं.

किती मिनिटं अपेक्षित धरायची? इथे बॉक्सवरचे आकडे फसवतात. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास, म्हणजे शंभर वॅटचा बल्ब पन्नास मिनिटं जळायला हवा. जळत नाही. ७ अँपिअर-तास ही क्षमता वीस तासांत सावकाश, ०.३५ अँपिअरने बॅटरी रिकामी केली तर मिळते. इथे आपण दहा-अकरा अँपिअर खेचतो. प्रवाह वाढला की बॅटरीतून मिळणारी एकूण वीज कमी होते, हा संबंध विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला. त्यात इन्व्हर्टरच्या सर्किटमधली गळती धरली, तर नव्या बॅटरीवरही हा बल्ब वीस मिनिटांच्या आसपासच चालेल. पंधरा मिनिटं मिळाली तर ठीक आहे. पाच मिनिटं मिळाली तर लाल दिवा खरं बोलत होता. आणि वीस मिनिटं मिळूनही दिवा जात नसेल, तर पेटीच्या डोक्यात जुनी नोंद अडकली आहे.

हे नवीन बॅटरी घातल्यावर सर्रास होतं. हजार-दीड हजार रुपये खर्चून बॅटरी बदलली, तरी ‘बॅटरी बदला’ जात नाही. ग्राहक दुकानदारावर चिडतो, दुकानदार कंपनीवर. प्रत्यक्षात यूपीएसला नवी बॅटरी आल्याचं कुणी कळवलेलंच नसतं. स्वयंचाचणीचं बटण दाबून ती पूर्ण होऊ दिली की बहुतेक पेट्या दिवा विझवतात. यूएसबी तारेने कॉम्प्युटरला जोडणाऱ्या मॉडेलमध्ये बॅटरी बदलल्याची तारीख नव्याने भरावी लागते, काहींमध्ये एकदा भाराखाली पूर्ण उतरवून कॅलिब्रेशन करावं लागतं. ते वर्षातून एकदा ठीक. दर आठवड्याला करणाऱ्या हौशी मंडळींनी चाचणीच्याच पायी बॅटऱ्या संपवल्या आहेत. आणि एक शक्यता म्हणजे ‘नवी’ बॅटरी नवी नसते. सीलबंद बॅटरी पडून राहिली तरी महिन्याला साधारण तीन टक्के उतरते, आणि दुकानाच्या फळीवर वर्षभर बसलेल्या बॅटरीत सल्फेटने आपलं काम सुरू केलेलं असतं. कव्हरवरचा उत्पादनाचा कोड पाहून घेणं म्हणूनच शहाणपणाचं.

मोठ्या यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे चार्जिंगला असताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. एकीवर १३, दुसरीवर १४च्या वर असा फरक निघाला की जोडी बिघडली. पैसे वाचवायला एकच बदलण्याचा मोह होतो. जुनीमुळे नवीवर चुकीचा भार येतो आणि वर्षभरात तीही जाते.

आता मोठ्या इन्व्हर्टरकडे वळू, कारण महाराष्ट्राने बॅटरी हा विषय शिकला तो त्याच्याकडून. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास लोडशेडिंग असायचं. तालुक्याच्या गावी इन्व्हर्टरची दुकानं उगवली ती तेव्हा, आणि ट्रॉलीवर ठेवलेली दीडशे अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी हॉलमधलं फर्निचर झाली. ही बॅटरी रोज रिकामी व्हायची, रोज भरायची. तिची काळजी घ्यायला सगळं घर शिकलं. फ्लोट इंडिकेटर खाली गेला की डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही, कारण बॅटरीतून उडून जातं ते पाणीच. पाणी घालायचं ते बॅटरी चार्ज झाल्यावर, नाहीतर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं आणि फरशीवर कायमचा डाग राहतो. हायड्रोमीटर असलेला मेकॅनिक सहाही सेलची घनता वेगवेगळी मोजतो. पाच सेल १.२५च्या आसपास आणि एक १.१५वर आला, तर गुन्हेगार सापडला. बोर्डवरच्या दिव्यापेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का.

ग्रामीण भागात आणखी एक प्रकार घडतो, त्यात बॅटरीचा दोषच नसतो. संध्याकाळी पंप, गिरणी, घरं सगळं एकदम सुरू होतं आणि व्होल्टेज १६०-१७०वर येतो. इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेले. तो बॅटरीवर जातो, परत येतो, पुन्हा जातो. रात्रभर ‘टक-टक’ आणि सकाळी लो बॅटरी. अनेक इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो: यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. यूपीएस मोडमध्ये तो १८०च्या खालचा व्होल्टेज स्वीकारत नाही, कॉम्प्युटरसाठी ते योग्यच आहे. फक्त पंखे-दिवे असतील, तर नॉर्मल मोडवर तो शंभर-सव्वाशे व्होल्टवरही मेनलाच चिकटून राहतो आणि बॅटरीला श्वास घ्यायला मिळतो. हा स्विच न पाहता विकल्या गेलेल्या बॅटऱ्यांचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

लोडशेडिंग ओसरलं तशी उलटी तऱ्हा सुरू झाली. बॅटऱ्या आता वापराने मरत नाहीत, पडून मरतात. ट्रॉलीवर शोभेची कुंडी येते, पाण्याची आठवण कुणाला राहत नाही. मुंबईत तर ‘लाइट जात नाहीत’ यावरच सगळ्यांची भिस्त. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, काही भागांत पुरवठा यायला कित्येक तास लागले. कोविडमुळे शहर घरातून काम करत होतं. वर्षानुवर्षं न तपासलेल्या बॅटरीची परीक्षा अशा सकाळीच होते.

या सगळ्यांहून मोठा शत्रू उष्णता. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश सेल्सिअस धरून छापलेलं असतं. त्याच्यावर दर दहा अंशांना ते निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की बंद केबिनमधल्या यूपीएसच्या पोटात त्याहून जास्त असतो. पाच वर्षांची बॅटरी तिथे दोन वर्षांत फुगते. फुगलेली बॅटरी पेटीत घट्ट बसते. तिला पक्कडीने ओढायचं नाही, पेटीच उघडायची किंवा मेकॅनिकला बोलवायचं.

जगभर यूपीएस आता लिथियम-आयन बॅटऱ्यांकडे वळताहेत, आणि तिथे दुर्लक्षाची किंमत वेगळ्या मापाची आहे. दक्षिण कोरियात देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५च्या संध्याकाळी तिथल्या पाचव्या मजल्यावरच्या यूपीएस बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. बॅटऱ्या हलवायच्या होत्या त्या सुरक्षिततेसाठीच: २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पांग्योच्या डेटा सेंटरमध्ये बॅटरी-खोलीत आग लागून काकाओटॉक ही मेसेजिंग सेवा देशभर बंद पडली होती, त्यानंतर सर्व्हर आणि बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्याचं ठरलं होतं. देजॉनची आग विझायला सुमारे २२ तास लागले. ७०९ सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचारी ज्यावर फाइल ठेवत, ती ८५८ टेराबाइटची साठवण जळाली आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती.

जळालेल्या बॅटऱ्या २०१४ साली बसवलेल्या होत्या. दहा वर्षांची हमी संपली होती. आदल्या वर्षीच्या तपासणीत त्यांच्यात बिघाड आढळला नव्हता, पण वय झालंय, बदला, असा सल्ला मिळाला होता. मोजमाप नॉर्मल आणि वय संपलेलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शिशाच्या बॅटरीबाबतही अभियंते म्हणूनच क्षमता छापील आकड्याच्या ८० टक्क्यांवर आली की बदलतात, बंद पडण्याची वाट पाहत नाहीत. त्या टप्प्यानंतरची घसरण फार वेगाने होते.

बॅटरी बदलायचं ठरलंच, तर यूपीएस बंद करून प्लग काढायचा, हातातलं घड्याळ, अंगठी, बांगडी उतरवायची. ७ अँपिअर-तासाची विटेएवढी बॅटरीही शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि अंगठी लालभडक व्हायला एक क्षण पुरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ उदबत्ती, निरांजन नको. चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो. आधी काळी तार सुटते, बसवताना ती शेवटी लागते. टोकांना व्हॅसलीनचा हात. नवीनवर मार्करने बसवल्याची तारीख लिहायची, मोठ्या अक्षरात, समोरच्या बाजूला.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, भंगारवाल्यालाही नाही. केंद्र सरकारच्या २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा होतील आणि त्यांचा पुनर्वापर होईल, ही जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार ती घेतो आणि नव्या बॅटरीच्या बिलातून तिची रक्कम वळती करतो, कारण आतल्या शिशाला भाव असतो. ती वजावट बिलावर लिहून घ्यावी आणि हमीचं कार्ड दुकानाच्या शिक्क्यानिशी जागेवरच भरून घ्यावं.